आईच्या परवान्यावरची तारीख

वाशीम स्टेशनच्या फलाटावर माझी ट्रंक होती, ट्रंकेवर बाबा बसले होते आणि आई फाटकाबाहेर टांग्यांच्या रांगेपाशी उभी होती. ती फाटकाच्या आत येणार नाही हे मी धरूनच चालले होते. माझ्या यादीत तसं लिहिलंही होतं: निरोप बाहेरच घ्यायचा, मग हमाल, मग फलाट.

आईनं कापडात बांधलेले वाफवलेले पाव आणि तारामावशींनी दिलेली जवसाची चटणी माझ्या हातात ठेवली. डोळ्यांत पाणी नव्हतं. तिनं फक्त विचारलं, "वापस याची तारीख काय हाये?"

"तिकीट एकाच बाजूचं हाये, आई."

तिनं कापडाची गाठ पुन्हा आवळली. मग म्हणाली, "मंग मनानंच एखादी टाकून ठेव."

मागे उभ्या असलेल्या तारामावशी म्हणाल्या, "जाऊ दे न व तिले. विमानात तारखा नाई विचारत."

आईनं त्यांच्याकडे असं पाहिलं की त्या गप्प झाल्या. सुनंदा, तुझी आई कुणापुढे गप्प झाल्याचं मी तेवढं एकदाच पाहिलं.

आपल्या वर्गातल्या मुली, गाव सोडलेल्या आणि गावातच राहिलेल्या, आता साठीच्या झाल्या. 'तुझं जाणं आम्हांला कधी नीट कळलंच नाही, एकदा लिहून पाठव,' असं तू कळवलंस म्हणून लिहिते. उगाच हळवं लिहायला मला येत नाही. जे जसं घडलं ते तसं मांडते.

तुम्हांला आमचं दुकान आठवत असेल. काचेत लाल हिरड्यांच्या दोन कवळ्या आणि वर 'चिनी दातांचा दवाखाना' ही पाटी. बाबांचे थोरले चुलते आधीपासून वाशीमला दात बसवत होते. आम्ही मात्र आसामातले. चीनशी लढाई झाली तेव्हा एका सकाळी पोलीस आले. त्यांनी माणशी एक पिशवी घ्यायला सांगितली आणि थोडेच दिवस लागतील असं म्हणाले. आगगाडीनं आम्हांला राजस्थानातल्या छावणीत नेलं आणि तिथे काही वर्षं ठेवलं. सुटलो तेव्हा आसामात परत जायची परवानगी नव्हती. चुलत आजोबांनी हमी घेतली आणि आम्ही वाशीमला आलो. मी तेव्हा दहा-अकरा वर्षांची होते. शाळेत बाईंनी माझं 'मेई' हे नाव ऐकलं आणि हजेरीत 'मीना' लिहिलं. मला ते लगेच आवडलं.

गावाबाहेर जायचं तर आम्हांला पोलीस ठाण्याचा परवाना लागायचा. जकात नाक्यापुढचं जग माझ्यासाठी भूगोलाच्या पुस्तकात होतं. मुली शिरपूरच्या सहलीला गेल्या तेव्हा मी तापाचं सोंग केलं होतं. खरं कारण सांगण्यापेक्षा ते सोपं होतं. मात्र गावात कुणी आम्हांला त्रास दिला नाही. तुझी आई म्हणायची, "अर्ध्या वाशीमच्या तोंडात चिनी दात हायेत. भांडन कोन, आन कशानं?"

आईची पिशवी तुमच्यापैकी कुणी पाहिली नसेल. ती दारामागच्या खुंटीला असायची. चौघांचे कपडे, सुई-दोरा, मीठ आणि एक पातेली. दर आठवड्याला ती पिशवी रिकामी करायची आणि पुन्हा भरायची. माझी यादी करायची सवय तिथूनच आली. मला वाटायचं, सगळ्याच आया असं करतात.

बांगलादेशच्या लढाईच्या हिवाळ्यात गावात दिवे झाकायचा हुकूम निघाला. ठाण्यातून परदेशी लोकांची पुन्हा नोंद झाली. ते निमित्त झालं. आई झोपेनाशी झाली. जेवायला बसताना ती दाराकडे तोंड करून बसायची आणि रस्त्यावर सायकल थांबली तरी उठायची. भात पातेल्यातून काढून कोनाड्यात लपवायची, तो आंबायचा. बाबा कुणी विचारलं तर सांगायचे, "नसा कमजोर झाल्या आहेत." आमच्या लोकांत हे ठरलेलं उत्तर. नसा कमजोर, छातीत जळजळ, पाठीत कळ, एवढ्यापर्यंत सगळं चालतं. त्यापुढचा शब्द उच्चारला की मुलांची लग्नं अडतात. बाबा मुळ्या उकळून तिला काढा द्यायचे. तारामावशी तिला पोहरादेवीला न्यायला तयार होत्या. त्या सांगायच्या, "जाऊन तं पाहा, जत्रेत माणसाचा जीव रमते." पण त्यालाही परवाना लागला असता.

माझा भाऊ तेव्हा टोरांटोला होता. तिथल्या एका हॉटेलात भांडी घासण्यापासून सुरुवात करून तो स्वयंपाकापर्यंत पोचला होता. तिथल्याच एका चिनी घरात त्याचं लग्न ठरत होतं आणि आम्हां तिघांना बोलवायचे कागद त्यानं भरायला घेतले होते. आईचं कळल्यावर त्याचं उत्तर आलं. दवाखान्यात नेऊ नका. एकदा कागदावर आलं की तिला इकडे येऊ देणार नाहीत. इथे आल्यावर बघू.

म्हणजे गोष्ट अगदी साधी होती. आईवर उपचार केले तर कॅनडा जाणार. कॅनडा हवा असेल तर आईनं असंच जळत राहायचं, कितीही दिवस. बाबा म्हणाले, थांबू. मी म्हणाले, नाही. आयुष्यात बाबांना दिलेलं हे माझं पहिलं उत्तर. त्यांनी हातातला साचा खाली ठेवला आणि फक्त विचारलं, "भावाला काय सांगशील?" मी म्हणाले, नेऊन आणल्यावर सांगेन.

नागपूरच्या मोठ्या इस्पितळात न्यायचं ठरलं. अडचण परवान्याची होती. अर्जावर आईची सही पोलिसासमोर व्हायला हवी होती आणि आईला ठाण्याच्या रस्त्यानंही जाववत नव्हतं. बाबांनी युक्ती काढली. गुलाबराव हवालदारांच्या आईची कवळी बाबांनीच बसवली होती, त्यामुळे थोडी ओळख होती. बाबांनी त्यांना विनंती केली की साध्या कपड्यांत, पाहुणा म्हणून घरी या. आम्ही तिला सांगितलं की तारामावशींच्या ओळखीचे पाहुणे येणार आहेत.

गुलाबराव धोतर-सदरा घालून आले. हातात केळ्यांचा घड. सगळं अगदी ठरल्याप्रमाणे. फक्त पायात तेच लाल चामड्याचे सरकारी बूट होते. दुसरं पायताण त्यांच्याकडे नसावं किंवा सवयीनं लक्षात आलं नसावं. आई चहाचा कप घेऊन येत होती. तिची नजर खाली गेली. कप तिनं सावकाश ओट्यावर ठेवला. मग दारामागची पिशवी काढली, माझ्या अंगावरच्या कपड्यांवर दुसरा झगा चढवायला लागली, बटणं लावली, माझे केस मागे सारले. मी चांगली एकोणीस वर्षांची होते आणि एका लहान मुलीसारखी उभी राहिले. बाबा चिनी भाषेत काहीतरी बोलत होते, ते तिच्यापर्यंत पोचत नव्हतं. तिनं स्वतःला दुहेरी साडी गुंडाळली आणि पिशवी मांडीवर घेऊन उंबऱ्याशी बसली.

"चला," ती गुलाबरावांना म्हणाली. "पोरीले उन्हाचं चालवू नका."

गुलाबरावांनी आधी बूट काढले. ते बाहेर नेऊन ठेवले. मग येऊन तिच्यासमोर जमिनीवरच मांडी घालून बसले.

"बाई, मी न्याले नाई आलो. सही घ्याले आलो."

"तवा बी असंच म्हनत होते."

"तवा कोन म्हने ते मले नाई मालूम. मी इथला मानूस हावो." त्यांनी सदऱ्याच्या खिशातून कागद काढला, उलगडला आणि बोट ठेवलं. "हे पाहा. इथं जायाची तारीख. आन हे इथं वापस याची तारीख."

आईला मराठी वाचता येत नव्हतं. पण तिनं त्या बोटाखाली बराच वेळ पाहिलं.

"हे खरी राह्यते?"

"खरी म्हनजे? त्या दिशी तुमी वापस नाई आल्या तं साहेब मले उभा करतीन. तुमाले काई नाई होत, बाई. लफडं मले होते."

 आईनं त्यांच्याकडे नीट पाहिलं, चेहऱ्यापासून अनवाणी पायांपर्यंत. छावणीत नेताना कुणी परतीची तारीख लिहिली नव्हती. आणि ती चुकली तर ज्याच्या मानेवर येईल असा माणूसही तिला कुणी दाखवला नव्हता.

"तुमाले कायले लफडं होऊ देऊ," ती म्हणाली आणि तिनं सही केली. मग मला म्हणाली, "ते वरचा झगा काढ. उकडून राह्यलं असन तुले."

नागपूरला आम्ही एस.टी.नं गेलो. शेलूबाजारला गाडी थांबली तेव्हा आईनं खिडकीतून भजी घेतली आणि गरम भज्याचे तुकडे फुंकून मला दिले. वाशीमला आल्यापासून नाक्याच्या पुढे आम्ही पहिल्यांदाच आलो होतो. परवाना तिनं पोलक्यात ठेवला होता आणि गाडी थांबली की हात लावून बघायची.

डॉक्टरांनी प्रश्न विचारला की उत्तर बाबा द्यायचे. नसा कमजोर. भूक मंद. डॉक्टरांनी त्यांना बाहेर बसायला सांगितलं. मीही उठत होते, पण आईनं माझं मनगट धरून ठेवलं. आणि मग ती बोलायला लागली. तारामावशींच्या ओट्यावर शिकलेल्या वऱ्हाडीत, एका दमात.

"मले रोज वाटते, आज येतीन, आज नेतीन. जीव हातात घेऊन बसलेली राह्यते मी. कान दारातच राह्यते माहा. पोरगी बाहेरून आली की पाह्यते, एकटीच हाये का, मांगं कोनी तं नाई. वेडी हाये का मी?"

डॉक्टर म्हणाले, "नाही. घाबरलेल्या आहात. ज्याला असं कधी नेलं असेल तो घाबरेल. औषध देतो."

इतकं साधं उत्तर. मी पाहिलं, ती रडली नाही, पण तिची पाठ खुर्चीला टेकली. कित्येक महिन्यांत तिची पाठ कशाला टेकलेली मी पाहिली नव्हती.

गोळ्यांनी फरक पडायला वेळ लागला, पण पडला. ती झोपायला लागली. पिशवी खुंटीवरच राहिली, फक्त ती रोज उघडेनाशी झाली. परवान्यावरच्या तारखेच्या आदल्याच दिवशी आम्ही परतलो होतो आणि आई स्वतःहून बाबांबरोबर ठाण्याच्या फाटकापर्यंत जाऊन आली होती. गुलाबराव बाहेर येऊन म्हणाले, "इतकी काय घाई होती, बाई? तारीख तं उद्याची हाये."

पुढे कॅनडाच्या कागदांसाठी डॉक्टरी तपासणी झाली. पूर्वी कधी मनाच्या आजारावर उपचार घेतले का, असा प्रश्न होता. बाबा 'नाही' म्हणणार होते. आईनं त्यांच्या आधीच हिंदीत सांगून टाकलं, "हां, नागपूर गई थी. अब अच्छी हूँ." बाहेर आल्यावर बाबांनी विचारलं, काहून सांगितलंस? ती म्हणाली, "तो डाक्टर चांगला होता. त्याले खोटं कायले पाडू?"

माझा कागद मंजूर झाला, आईचा झाला नाही आणि तिला सोडून बाबा निघणार नव्हते. भावानं मला लिहिलं की हे तुझ्या हट्टानं झालं. असेल. मी त्याला उत्तर पाठवलं ते एका ओळीचं: आई झोपते आहे. आजही मला त्यात बदल करावासा वाटत नाही.

मी जायचं की नाही हाही प्रश्न होताच. तो आईनंच सोडवला. "तू गेली तर एक पिशवी कमी," ती म्हणाली. हे ती गमतीनं म्हणाली की खरंच, ते मला कधी कळलं नाही.

टोरांटोत मी एका इस्पितळात वॉर्डाच्या कागदपत्रांचं काम धरलं. माझा चेहरा चिनी आहे म्हणून मला दुभाषी म्हणूनही बोलवायला लागले. बहुतेक चिनी रुग्ण हाँगकाँगकडचे होते, त्यांची बोली मला सबवेमधून येता-जाता शिकावी लागली. हॉटेलांच्या स्वयंपाकघरातली माणसं, शिवणाच्या कारखान्यातल्या बाया. सगळ्यांना पाठदुखी, सगळ्यांना डोकं जड, छातीत दगड. तपासणीत काही निघायचं नाही. डॉक्टर मला विचारायचे, यांना नक्की काय होतंय? मला कळायचं. पण ते माझ्या तोंडून निघण्यात अर्थ नव्हता.

एक बाई मला आठवतात. बोलण्याआधी त्यांनी माझी पूर्ण चौकशी केली. आडनाव काय, घराणं कोणतं, चर्चमध्ये जातेस का, अमक्या किराणावाल्याच्या नात्यातली का. मी सांगितलं, मी वाशीमची. ते कोणत्या प्रांतात? वऱ्हाडात. त्यांनी बराच विचार केला आणि त्यांची खात्री पटली की असल्या गावची मुलगी टोरांटोत कुणाचीच कुणी नसणार. मग दार ढकलून म्हणाल्या, "माझी नवऱ्यामागे झोप गेली आहे. भिंतीतून आवाज येतात." त्या दिवशी मला आईचं नागपूरचं बोलणं नीट समजलं. परक्यांपुढे बोलायची भीती तिला नव्हतीच. आपल्या माणसांत बोललेलं लग्नाच्या बैठकीपर्यंत पोचतं. तारामावशींच्या ओट्यावर बोललेलं तिथेच विरून जातं.

काही वर्षांनी नियम थोडे सैल झाले आणि भावानं आई-बाबांना सहा महिन्यांच्या भेटीला बोलावलं. त्यांच्या कागदावर भारतात परत येऊ देण्याची शेवटची तारीख छापलेली होती. विमानतळावर आईनं मला मिठी मारायच्या आधी तो कागद माझ्या हातात दिला. "हे तारीख तुह्या यादीत लिहून घे."

वहिनीला किंवा तिच्या माहेरी सासूच्या आजाराबद्दल काहीच माहीत नव्हतं. पहिला महिना बरा गेला. मग बर्फ पडायला लागलं आणि रस्त्यानं सायरन वाजवत गाड्या जायला लागल्या. घर मुख्य रस्त्यावर होतं. एका सकाळी वहिनीला कपाटात आंबलेला भात सापडला. तिनं काही न बोलता तो टाकून दिला. भावानं मला फोन केला, आवाज अगदी खाली. या वेळी तो दवाखाना नको म्हणाला नाही. त्यानंच एक चिनी डॉक्टर शोधून काढले, तैवानहून आलेले, फार भले. आईची आणि त्यांची बोली जवळजवळ एकच. भावाला वाटलं, आता आई मोकळी होईल.

डॉक्टर आदरानं बोलत होते. मूळ जिल्हा कोणता, दातांचं काम करणारे म्हणजे अमक्यांकडचे का, माझी आत्याही त्याच बाजूची. आई हसून मान डोलवत होती. काय होतंय? "पाठ दुखते," आई म्हणाली. झोप? "चांगली आहे." मन? "वयामुळे नसा जरा कमजोर."

भाऊ माझ्याकडे पाहत होता. मी खुर्ची तिच्याजवळ ओढली.

"आई, कान दारात राह्यते का?"

तिनं मान खाली घातली. "इथं दार लयच मोठं हाये, मीना," ती म्हणाली. "आन त्या गाड्या बोंबलत येतेत. पोरगा तं इथल्या लोकाहिच्या संग इंग्रजीत बोलते, मले वाटते तोच आमाले सोपवून देईन." तिनं भावाकडे पाहिलं नाही.

भावाला वऱ्हाडी येत होतं. त्यानं खिडकीकडे तोंड फिरवलं. डॉक्टरांनी विचारलं, ही कोणती भाषा? मी सांगितलं आणि तिचं सगळं बोलणं त्यांना चिनी भाषेत सांगितलं, एकही शब्द मऊ न करता. त्यांनी ते लिहून घेतलं आणि त्यांच्या आत्याचं नाव पुन्हा काढलं नाही.

नव्या गोळ्या लागू पडल्या. भावानं वहिनीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, मला पहिल्या भातालाच कळलं होतं, माझ्या आजीचंही असंच होतं. भावानं मग आईपुढे हात जोडले. इथेच राहा. कागद वाढवून घेऊ, डॉक्टर आहेत, मी आहे. बाबाही वळत होते. आईनं सगळं ऐकून घेतलं. तारीख जवळ आली तशी तिनं पिशवी भरली आणि दाराशी खुर्ची घेऊन बसली. या वेळी साडी एकच होती.

"गुलाबरावाले लफडं होईन," ती म्हणाली.

"आई, तो कागद दिल्लीचा आहे. गुलाबरावांचा त्याच्याशी काही संबंध नाही," भाऊ म्हणाला.

"त्याहिले मालूम हाये न मी गेली म्हनून."

बाबांचं पत्र महिन्यानं आलं. अकोल्याहून आगगाडीनं यायचा हट्ट आईनंच धरला होता. वाशीमच्या फलाटावर ती उतरली, पिशवी स्वतःच घेतली आणि फाटकातून बाहेर आल्यावर टांगा घराकडे न नेता ठाण्याकडे न्यायला लावला. ठाण्यात नवा माणूस होता. गुलाबराव रिटायर झाले होते. मग ती त्यांच्या घरी गेली. ते ओट्यावर दाढी करत होते. आईनं कागद पुढे केला.

"घ्या. आली मी."

"बाई, आता मले कायचं लफडं? मी तं घरी बसलो."

"मंग काय झालं," आई म्हणाली. "तारीख तं तारीखच राह्यते."

त्यांनी अर्धी दाढी तशीच ठेवून कागद वाचला आणि 'बरोबर आहे' म्हणून परत दिला. मगच ती घरी गेली.

आई आणि बाबा दोघंही वाशीमलाच गेले. त्यांच्या थडग्यांवरचं गवत तू आणि तुझी मुलं दर एप्रिलमध्ये, आमच्या पितरांच्या दिवशी, काढता, मला ठाऊक आहे. माझ्याकडे आता इथला पासपोर्ट आहे, इथली पेन्शन, फ्रीजरमध्ये जवसाची चटणी. कुणी घर कुठे म्हणून विचारलं की पूर्वी मी पत्ता सांगायची. आता वाटतं, आपण ठरल्या दिवशी परतलो नाही तर ज्या गावात कुणाला तरी लफडं होतं, ते घर. आईला ते एका हवालदाराच्या अनवाणी पायांत दिसलं. बाकी सगळे मुक्काम असतात, चांगलेही असतात.

सुनंदा, मी एप्रिलच्या पाच तारखेला वाशीमला पोचते. लिहून ठेव. नाही आले तर लफडं तुला होईल.